एचपी नको, तास सांगा

पाऊस ओसरायला लागला की शाहूवाडीतल्या मलकापुरात गवत कापायच्या मशिनची चौकशी सुरू होते. बांधावरचं गवत कमरेला आलेलं असतं, भात पिवळं पडू लागतं आणि विळा धरणारी माणसं मिळत नाहीत. आंब्याकडचा, बांबवड्याकडचा, येळवण जुगाईच्या बाजूचा शेतकरी दुकानात येतो आणि पहिलं विचारतो, "किती एचपीचं?" त्याचं उत्तर टाकीवरच्या स्टिकरवर छापलेलंच असतं. पण मशीन किती वर्षं साथ देईल, हे त्या आकड्यावरून काहीही कळत नाही.

मुळात हा आकडा तरी खरा असतो का? अमेरिकेत घरोघरी हिरवळ कापायची यंत्रं असतात. तिथल्या ग्राहकांनी नेमक्या याच मुद्द्यावर कंपन्यांना कोर्टात खेचलं होतं. स्टिकरवरचे एचपी फुगवलेले आहेत, अशी त्यांची तक्रार होती. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, कोहलर, टोरो, हुस्कवर्ना अशी मोठी नावं त्या दाव्यात होती. २०१० मध्ये मिलवॉकीच्या कोर्टानं साडेसहा कोटी डॉलरची तडजोड मंजूर केली. आपल्याकडे मात्र १९६ सीसीच्या इंजिनावर बिनदिक्कत 'सात एचपी' छापलेलं दिसतं. होंडाचं त्याच मापाचं जीएक्स २०० इंजिन कंपनीच्याच आकड्यांनुसार साडेपाच एचपीच्या आसपासचं आहे. स्वस्त इंजिनात दीड एचपी जास्त कुठून आली, हे दुकानात विचारून बघावं.

त्यापेक्षा इंजिन किती तास चालेल, हे विचारा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं हातात धरायच्या यंत्रांच्या इंजिनांचे तीन वर्ग केले आहेत: ५० तास, १२५ तास आणि ३०० तास. तेवढे तास वापरल्यावरही धूर मर्यादेत राहील, याची जबाबदारी उत्पादकावर असते. म्हणजे हा काही इंजिनाच्या आयुष्याचा दाखला नव्हे. तरीही कंपनीला आपल्या इंजिनावर किती भरवसा आहे, ते त्यावरून कळतं. आता शाहूवाडीतला हिशेब मांडा. तासावर गवत कापून देणारा पोरगा दिवसाला पाच तास मशीन चालवतो. वीस दिवसांत शंभर तास झाले. ५० तासांच्या वर्गातल्या इंजिनाची मुदत त्याच्या हातात दहाव्या दिवशीच संपते.

या इंजिनावर ताण किती येतो, तेही बघायला हवं. आपल्या जिल्ह्याला इंजिन नवं नाही. विहिरीवर आणि गुऱ्हाळावर डिझेल इंजिनं चालली, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फाउंड्र्या आणि लेथवर त्यांचे भाग घडले. किर्लोस्करचं पाच एचपीचं जुनं इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतं, म्हणजे तासाला ९० हजार. गवत कापायच्या, खांद्यावरच्या ब्रश कटरचं ३५ सीसीचं इंजिन पूर्ण ताकद द्यायला मिनिटाला ७००० फेरे घेतं, तासाला ४ लाख २० हजार. विहिरीवरचं इंजिन दोन पिढ्यांनी वापरलं म्हणून खांद्यावरचंही तसंच टिकेल, ही अपेक्षाच मनातून काढली पाहिजे. आधीचं जड, सावकाश फिरणारं आणि जागेवर बसवलेलं असतं. दुसरं हलकं असावं लागतं, कारण ते घेऊन माणूस चढावर उभा असतो.

मग टू-स्ट्रोक घ्यावं की फोर-स्ट्रोक? हा प्रश्न मला या सदरासाठी सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. टू-स्ट्रोकला वेगळी ऑईलची टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑईलच पिस्टनला आणि बेअरिंगला मिळतं. कंपनीनं १:५० सांगितलं असेल तर लिटरला २० मिलि, १:२५ असेल तर ४० मिलि. हे ऑईल बाटलीच्या टोपणानं अंदाजे ओतलं, किंवा घाईत नुसतं पेट्रोल भरलं, की पिस्टन सिलिंडरला धरतो आणि मशीन जागेवर संपतं. फोर-स्ट्रोकला ही जोखीम नाही, पण तिथे निराळी आहे. होंडाच्या जीएक्स ३५ मध्ये ऑईल मावतं जेमतेम १०० मिलि. त्यातलं निम्मं जळालं आणि कुणी पाहिलं नाही, तर परिणाम तोच होतो. पहिलं ऑईल दहा तासांनी बदलायचं असतं. ते वेळेवर बदलणारा मला क्वचितच भेटतो. शिवाय श्टीलची काही इंजिनं फोर-स्ट्रोकसारखी असूनही ऑईल मिसळलेल्या पेट्रोलवरच चालतात. त्यामुळे पुस्तिका वाचल्याशिवाय टाकीचं झाकण उघडू नये.

माझं मत असं आहे. ज्या घरात मशीन बाप, दोन मुलगे आणि शेजारी असे सगळेच वापरणार आहेत, तिथे फोर-स्ट्रोक घ्यावं, कारण मिश्रणाची चूक अनेक हातांत हमखास होते. एकच माणूस तासावर काम करत असेल, उभ्या चढाचं रान असेल आणि तो माप घेऊन ऑईल घालणारा असेल, तर हलकं टू-स्ट्रोकच त्याच्या खांद्याला बरं.

खरं दुखणं मात्र गेल्या काही वर्षांत पेट्रोलमधून आलं आहे. २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्या इथेनॉलमागे आपला ऊसही आहे. त्यातून कारखान्यांना पैसा मिळाला आणि तो उसाच्या बिलापर्यंत पोचला, हे मी आनंदानं मान्य करतो. पण छोट्या इंजिनांच्या बहुतेक पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं आढळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही बुरशी येते. कॅनमध्ये पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात. टू-टी ऑईल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतली नळी तळातून ओढते, त्यामुळे इंजिनाला ऑईलविना थर मिळतो. कार्बोरेटरमधला पातळ रबरी पडदा ताठरतो, बारीक भोकं चिकटून बंद होतात. दिवाळीला ठेवलेलं मशीन मृगात काढलं, दोरी ओढून हात दुखले तरी सुरू होत नाही. गिऱ्हाईक म्हणतं इंजिन बोगस निघालं. पुष्कळदा इंजिन चांगलं असतं, बिघाड कार्बोरेटरमध्ये असतो.

यावर उपाय बिनपैशाचा आहे. मिश्रण त्या दिवसापुरतंच करा. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. एअर फिल्टर भाताच्या कापणीत रोज झाडा.

दुरुस्तीबाबत एक फरक खरेदीआधीच माहीत हवा. पॉवर टिलरच्या डिझेल इंजिनाचा लायनर बदलता येतो. पॉवर विडरवरच्या चांगल्या पेट्रोल इंजिनात बिडाची स्लीव्ह असते, ती बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवता येतो. हातात धरायच्या बहुतेक इंजिनांत ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून कडक मुलामा असतो. तो खरवडला गेला की बोअर करता येत नाही, अख्खा सिलिंडर बदलावा लागतो. म्हणून नावाजलेली कंपनी की स्वस्तातली, हा वाद घालण्याआधी एवढं बघा: त्या मॉडेलचा सिलिंडर, कार्बोरेटरचा किट आणि स्टार्टरची दोरी मलकापुरात किंवा निदान कोल्हापुरात मिळते का? चांगल्या इंजिनाचा सुटा भाग महिनाभर आला नाही, तर ऐन कापणीत ते आणि बंद पडलेलं सारखंच.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी आहे याचे दहापैकी गुण छापावे लागतात, आणि त्यात विजेवर चालणारी गवतकापणी यंत्रंही आहेत. आपल्या केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यातही शेतीच्या यंत्रांचा विभाग आहे. म्हणजे विचार इथपर्यंत पोचलेला आहे. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत सरकार लहान शेतकऱ्याला आणि महिलांना निम्म्यापर्यंत अनुदान देतं. ज्या मशिनला जनतेचा पैसा लागतो, त्याच्या इंजिनाचे हमी दिलेले तास आणि सुटे भाग किती वर्षं मिळतील ती मुदत, या दोन गोष्टी अनुदानाच्या यादीत मशिनच्या नावासमोर छापायला कृषी खात्यानं कंपन्यांना भाग पाडावं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, अनुदानाच्या अटींत दोन ओळी वाढवल्या तरी पुरे.

तोवर हे काम आपल्यालाच करायचं आहे. या हंगामात मशीन घ्यायला जाल तेव्हा पैसे मोजण्याआधी दुकानदाराला कार्बोरेटरचा किट काउंटरवर ठेवायला सांगा. तो 'मागवून देतो' म्हणाला, तर पुढच्या दुकानात जा.