नाव ठाऊक नसलेल्याने काय शोधावे?

मध्य, मध्यक आणि बहुलक हे तिघे आपले दहावीपासूनचे सोबती. यंदा अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी २०११ च्या जनगणनेतील आपल्या जिल्ह्याचे आकडे घेऊन मी 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेपुढे प्रथमच बसलो. मध्यासाठी 'मीन' लिहिले, उत्तर आले. मध्यकासाठी 'मीडियन' लिहिले, उत्तर आले. मग मोठ्या ऐटीत बहुलकासाठी 'मोड' लिहिले, तर पडद्यावर शब्द उमटला : 'न्यूमरिक'! पाऊण तास मी स्वतःची चूक शोधीत होतो. चूक एवढीच, की त्या भाषेत 'मोड' हे फंक्शन माहिती कोणत्या प्रकारची आहे, आकडे की अक्षरे, इतकेच सांगते. बहुलक काढून देणारे तयार फंक्शन तिच्या मूळ संचात नाहीच. आणि नाही, हे कळावे कसे? आहे ते सापडते. नाही ते किती वेळ शोधायचे?

या प्रश्नावरच मला चार शब्द लिहायचे आहेत.

'आर' ही भाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन प्राध्यापकांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत घडविली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली. तिची आई म्हणजे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ साली जन्मलेली 'एस' ही भाषा. 'आर'ला एक पैसाही पडत नाही, म्हणूनच ती आमच्यासारख्यांच्या हाती आली. ती उघडताच सात पॅकेजे आपोआप सोबत येतात. त्यांतील 'बेस'मध्ये हजाराहून अधिक आणि 'स्टॅट्स'मध्ये चारशेहून अधिक नावे आहेत. बाहेरच्या भांडारात वीस हजारांहून अधिक पॅकेजे आहेत, ती वेगळीच.

ही नावे एका हाताने ठेवलेली नाहीत. जुन्या वाड्यात प्रत्येक पिढीने आपापली खोली बांधावी, तसे झाले आहे. 'रीड सीएसव्ही' लिहिताना मध्ये टिंब द्यावे लागते, 'रीड आरडीएस' लिहिताना देऊन चालत नाही. 'रो नेम्स' टिंबासह आहे आणि टिंबाशिवायही आहे. 'सिस टाइम' घड्याळातील वेळ सांगते, तर 'सिस्टिम टाइम' एखाद्या कामाला किती वेळ लागला ते सांगते. याला तर्क लावू पाहणाऱ्याने लावावा!

जाणकार म्हणतात, "मदतीची पाने आहेत की." आहेत, आणि चांगली आहेत. पण त्यांची सूची अकारविल्हे आहे, तीही इंग्रजीच्या. 'अ‍ॅप्रोपो' नावाची एक आज्ञा आहे; नावाचा तुकडा दिला की तो ज्या ज्या नावांत येतो ती सर्व नावे ती समोर मांडते. दोन प्रश्नचिन्हे देऊन शब्द लिहिला तर मदतीच्या पानांतूनही शोध घेतला जातो. परंतु तुकडा तरी ठाऊक हवा! अकारविल्हे सूची ही ज्याला नाव आधीच माहीत आहे त्याच्या सोयीची. ज्याला फक्त काम माहीत आहे, त्याने कोणते पान उघडावे?

आपल्याकडे ही अडचण फार पूर्वी ओळखली गेली होती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, तो अकारविल्हे. शब्द कानावर पडला की अर्थ पाहावा, यासाठी तो उत्तमच. पण शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी रचलेला राज्यव्यवहारकोश वेगळ्या रीतीचा आहे. त्यात राज्यकारभारातील फार्सी-दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, ते वर्ग पाडून : दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग इत्यादी. किल्ल्यासंबंधी शब्द हवा असेल त्याने दुर्गवर्ग उघडावा. शब्द आधी पाठ असण्याची अट नाही.

फार दूर कशाला, माझ्या आईला अक्षरओळख नाही. घरातील डब्यांवर एकही चिठ्ठी नाही. तरी वीज गेलेली असताना हात घालून ती नेमका जिऱ्याचा डबा काढते, कारण फोडणीचे सारे एका फळीवर आहे आणि सणावाराचे वर माळ्यावर. मी एकदा हौसेने चिठ्ठ्या चिकटवून डबे अक्षरवार लावले होते. दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत झाले. ती काही बोलली नाही.

कामाप्रमाणे लावण्याचा लाभ केवळ वेळ वाचण्यापुरता नाही. माझ्या प्रकल्पात मी सहाही तालुक्यांच्या साक्षरतेच्या टक्केवारीची 'मीन'ने सरासरी काढली आणि तीच जिल्ह्याची साक्षरता म्हणून लिहिली. संगणकाने मुळीच हरकत घेतली नाही. पण शहादा तालुका तळोद्याहून लोकसंख्येने कितीतरी मोठा. दोघांना सारखे वजन कसे चालेल? पुढे 'अ‍ॅप्रोपो'ला 'मीन' हा तुकडा दिला तेव्हा दहा-बारा नावे आली. त्यांत 'के-मीन्स' होते, ज्याचे काम गट पाडण्याचे आहे. अगदी तळाशी होते 'वेटेड मीन', म्हणजे भारित सरासरी. मला हवे होते ते हेच. वजन म्हणून सात वर्षे व त्यावरील लोकसंख्या द्यावयाची, कारण जनगणनेत साक्षरता तिच्यावरच मोजतात. दोन्ही फंक्शने पहिल्याच दिवशी 'सरासरी' या एका मथळ्याखाली दिसली असती, तर दोहोंत फरक काय हा प्रश्न मला आपोआप पडला असता.

कोणी म्हणेल, आता याद्या कशाला? भ्रमणध्वनीवर मराठीत विचारले तरी यंत्र आज्ञा लिहून देते. देते, मीही विचारतो. पण मी 'सरासरी' विचारली असती तर मला बहुधा 'मीन'च मिळाले असते. भारित सरासरी मागायला ती असते हे ठाऊक हवे. विचारलेल्याचे उत्तर मिळते, शेजारी काय ठेवले आहे ते दिसत नाही.

'आर'च्या भांडारातही जाणत्या मंडळींनी विषयवार याद्या केल्या आहेत. अर्थमिती, शेती, अधिकृत सांख्यिकी असे चाळीसहून अधिक विषय आहेत. मात्र त्या पॅकेजांच्या याद्या आहेत, आणि पहिल्या पायरीवरच्या विद्यार्थ्यासाठी नाहीत. म्हणून माझे म्हणणे असे, की आपल्या संगणककक्षात एक मराठी वही असावी. आकडे आत आणणे, तपासणे, मोजणे, तुलना करणे, आलेख काढणे असे तिचे वर्ग पाडावेत. प्रत्येक नावापुढे ते काय करते ते एका ओळीत, आणि ते कोठे फसविते तेही लिहावे. उदाहरणार्थ, एकही आकडा गाळलेला असला तर 'मीन' उत्तरच देत नाही. गाळलेले सोडून दे असे सांगावे लागते. 'एसडी' प्रमाण विचलन काढताना एकूण संख्येतून एक वजा करून भागते, म्हणून पुस्तकातील उत्तराशी जुळत नाही.

मी सुरुवात केली आहे. शंभर पानी वहीत आजवर चौऱ्याऐंशी नावे झाली. बहुलकाच्या ओळीत लिहिले आहे : 'तयार नाही, टेबल करून सर्वांत मोठी संख्या पाहावी.' 'अप्लाय', 'लॅप्लाय', 'सॅप्लाय', 'टॅप्लाय' हे कुटुंब मात्र कोणत्याच वर्गात बसेना, म्हणून सध्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. सरांपैकी किंवा मित्रांपैकी कोणाला त्यांची जागा सुचली, तर वही ग्रंथालयातील टेबलावर आहे.