घड्याळाला ताप आलाय!

ऑफिसातला एसी बंद पडला की पहिली तक्रार कोण करतं? अकाउंट्समधले काका? चूक! कॉम्प्युटरचं घड्याळ. फक्त ते बिचारं बोंब मारत नाही, गुपचूप नोंद करून ठेवतं.

कॉम्प्युटरचं घड्याळही चुकतं, बरं का. ते आपल्याला कळायच्या आत इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतलं जातं. हे काम करणाऱ्या व्यवस्थेचं नाव एनटीपी. अमेरिकन संशोधक डेव्हिड मिल्स यांनी ती १९८०च्या दशकात तयार केली. तिचं सॉफ्टवेअर तुमचं घड्याळ किती जलद किंवा मंद धावतंय, याचा हिशेबही फाइलमध्ये लिहून ठेवतं. हिशेब दहा लाखांत एक असा. म्हणजे अख्ख्या दिवसात ०.०८६ सेकंद!

गंमत पुढेच आहे. हे घड्याळ चालतं क्वार्ट्झच्या स्फटिकावर, आणि तापमान बदललं की त्याची कंपनं किंचित बदलतात. सर्व्हर सांभाळणाऱ्या काही मंडळींनी त्या आकड्यांचा ग्राफ काढला, तर त्यात चक्क दिवस-रात्र दिसायला लागली. खोलीतला एसी गेला की रेषा हलली. फुकटात थर्मामीटर! आयडिया भारी आहे ना?

पण हाच थर्मामीटर दुसऱ्याच्या हातात गेला तर? २००६ साली केंब्रिज विद्यापीठातल्या स्टीव्हन मर्डॉक यांनी तेच करून दाखवलं. टॉर नेटवर्कवर सर्व्हरचा ठावठिकाणा लपवता येतो. मर्डॉकनी प्रयोगात अशा लपलेल्या सर्व्हरवर कामाचा मारा केला. प्रोसेसर तापला, त्याच्याबरोबर स्फटिक तापला, घड्याळाची चाल बदलली. दुसऱ्या बाजूने ते संशयित मशीन्सची घड्याळं लांबूनच तपासत होते. जिला ताप चढला, तीच ती!

आता तुम्ही म्हणाल, लपतो कोण, चोरच ना? नाही हो. साहेबाचा घोटाळा उघड करू पाहणारा, नोकरी जाईल म्हणून घाबरलेला तुमच्या-आमच्यासारखा माणूसही लपतो. अशांना मी पत्रकार म्हणून किती सहज सांगते, ‘काळजी करू नका, तुमचं नाव बाहेर येणार नाही.’ हल्ली हे वाक्य बोलताना जीभ जरा अडखळते.

माझ्या तोंडाची हमी मी देईन. मशीनच्या तापाची कशी देऊ?