समुद्र म्हणजे तळें नव्हे

कळंब्याच्या तलावाच्या बांधावर संध्याकाळीं फिरावयास जाणें हा आमचा नित्याचा परिपाठ. तेथें परवां एक विद्वान गृहस्थ भेटले. ते नुकतेच मालवणास जाऊन आले होते. तारकर्लीचा किनारा रम्य खरा, परंतु चालावयास धड वाट नाहीं. रंकाळ्याप्रमाणें कठडा बांधून फरसबंदी केली तर समुद्राची शोभा सुखानें पाहतां येईल, असें त्यांचें मत पडलें. सुशिक्षितांत हें मत इतकें बळावत चाललें आहे कीं, त्याचा समाचार घेणें अवश्य आहे.

किनाऱ्यावर वाट नाहीं हें म्हणणेंच मुळीं खरें नाहीं. ओहोटीची वेळ पाहून तारकर्लीहून देवबागेकडे पायीं निघावें. कोरड्या वाळूंत पाय रुततो. पण नुकतेंच पाणी ओसरलेली ओली वाळू पायाखालीं घट्ट लागते. उजवीकडे अरबी समुद्र, डावीकडे माडांची रांग, आणि तिच्यापलीकडे कर्लीची खाडी. दोन पाण्यांमधील ही जमिनीची पट्टी निमुळती होत जाऊन अखेर संगमापाशीं संपते. ही वाट समुद्र दिवसांतून दोनदां नव्यानें घडवून देतो.

तळ्याला बांध लागतो, कारण तेथें पाणी अडवावयाचें असतें. समुद्रकिनाऱ्याचा धर्म निराळा. पावसाळ्यांतील लाटा वाळू आंत ओढून नेतात, शांत ऋतूंतील लाटा ती परत आणून टाकतात. ही देवघेव चालू आहे तोंवरच, कोंकणांत जिला पुळण म्हणतात ती टिकते. मध्यें भिंत उभी केली कीं तिच्यावर आपटून मागें फिरणारी लाट पायथ्याची वाळू खरवडून नेते. मग कठडा राहतो, पण ज्यासाठीं तो बांधला ती पुळण उरत नाहीं! देवबागेंत धुपेपासून घरें वांचविण्याकरितां दगडी बंधारे घालावे लागले, ही गोष्ट वेगळी. निरुपायानें केलेल्या गोष्टीचें हौसेखातर अनुकरण करणें हें शहाणपण नव्हे.

शिवाय पुळण ही केवळ पाहुण्यांची नव्हे. तेथें रापण ओढली जाते. होडींतून जाळें अर्धवर्तुळांत टाकून त्याचीं दोन्ही टोंकें किनाऱ्यावर आणतात आणि दोहों बाजूंनीं माणसें तें ओढतात. त्यांना मोकळी वाळू हवी. आमच्या दोन दिवसांच्या सहलीसाठीं त्यांच्या पोटापाण्याच्या जागेवर फरशी घालण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला? कायद्यावर विसंबून स्वस्थ बसण्याचीही सोय नाहीं. १९९१ च्या अधिसूचनेनें ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवें बांधकाम सामान्यतः वर्ज्य ठरविलें होतें. २०१९ मध्यें दाट वस्तीच्या ग्रामीण भागापुरतें हें अंतर ५० मीटरांवर आणण्याची वाट मोकळी झाली.

वृद्धांनीं काय करावें, असें त्या गृहस्थांनीं विचारलें. प्रश्न रास्त आहे. आम्हींही पन्नाशी ओलांडली आहे. माडांच्या सावलींत बांकें मांडावीं, पुळणीच्या कडेपर्यंत पावसाळ्यापूर्वीं उचलून ठेवतां येईल अशी लांकडी पायवाट करावी. त्यापुढें मात्र वाळू ती वाळूच राहूं द्यावी. कठड्याला टेकून पाणी पाहण्याची ज्यांना हौस आहे, त्यांना रंकाळा आहे. समुद्राकडे जावयाचें तर वहाणा हातांत घेऊन जावें.