काटा खरे सांगतो का?

जुन्या अॅम्बेसेडर गाड्या आजही लग्नसराईत भाड्याने जातात. काही घरांत वडिलांची आठवण म्हणून त्या जपलेल्या असतात. उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात ही गाडी बनणे २०१४ साली थांबले. पण जुने इंजिन थकले की लोक गाडी मोडीत काढत नाहीत, त्याच सांगाड्यात दुसरे इंजिन आणि गिअरबॉक्स बसवतात. १९९० च्या दशकात कंपनीनेच अॅम्बेसेडरला इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स दिला. तो जोड जुन्या मॉडेलमध्येही अनेकांनी बसवून घेतला. गाडी पळू लागते, मालक खूश होतो, मिस्त्री पैसे घेऊन मोकळा होतो. वेगाचा काटा मात्र शून्यावरच पडून राहतो किंवा मनाला येईल ते दाखवतो.

काटा बिघडण्याचे कारण इंजिनात नसते. जुन्या गाडीत गिअरबॉक्सच्या शेपटाशी एक गरारी असते. तिच्यावर छोटे पिनियन फिरते आणि पिनियनला लागलेली केबल डॅशबोर्डपर्यंत जाते. मीटरमध्ये केबल एक लोहचुंबक फिरवते. चुंबक अॅल्युमिनियमच्या वाटीला न शिवता ओढतो, बारीक स्प्रिंग तिला अडवते आणि त्या ओढाताणीत काटा वर चढतो. जर्मनीत ऑटो शुल्त्से यांनी १९०२ साली या युक्तीचे पेटंट घेतले. किलोमीटर मोजणारे आकडे मात्र केबलच्या फेऱ्यांवर दात्यांनीच फिरतात. म्हणून तपासणीची सुरुवात येथून करावी. आकडे फिरतात पण काटा मेला, तर दोष मीटरमध्ये आहे. दोन्ही बंद असतील, तर बहुधा केबल किंवा पिनियनकडे पाहावे.

मीटरमागची केबल सोडवा आणि गाडी ढकला. आतली तार फिरत नसेल, तर ती तुटलेली असेल किंवा खालचे टोक पिनियनमध्ये बसलेले नसेल. नवा गिअरबॉक्स जागा बदलतो. जुनी केबल ओढून-वाकवून बसवली, की ती कोपऱ्यात तुटते किंवा काटा थरथरू लागतो. वळण वीतभर रुंदीचे, मोकळे ठेवावे. ग्रीस थोडेच लावावे आणि मीटरकडचे टोक कोरडे ठेवावे. ग्रीस आत चढले तर मीटरच जातो.

काटा हलू लागला म्हणजे काम झाले, असे समजू नये. गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल किंवा टायर बदलला की हिशेब बदलतो. मीटरच्या तबकडीवर बऱ्याचदा बारीक अक्षरात १००० सारखा आकडा असतो. किलोमीटरच्या मीटरवर त्याचा अर्थ किलोमीटरला केबलच्या हजार फेऱ्या, म्हणजे मीटरला एक. सपाट जागेवर २० मीटर मोजून खूण करा, गाडी सरळ ढकला आणि फेऱ्या मोजा. एकच चाक जॅकवर उचलून मोजू नका. डिफरन्शियलमुळे फेऱ्या निम्म्या येतात.

समजा, २० ऐवजी १७ फेऱ्या आल्या. मग गाडी ६० ने पळत असताना काटा ५१ दाखवेल. हीच धोक्याची बाजू आहे. ड्रायव्हरला वाटते आपण सावकाश आहोत. मागे बसलेली लेकरे-बाळे त्याच्या भरवशावर असतात. मोठे टायर टाकले तरी काटा असाच कमी दाखवतो. उपाय सोपा आहे: पिनियनला २० दाते असतील, तर १७ दात्यांचे बसवावे. तसे मिळत नसेल, तर केबलच्या मध्ये गरारीची छोटी डबी बसवून फेऱ्या जुळवता येतात. नव्या गिअरबॉक्सला केबलची जागाच नसेल आणि नुसता सेन्सर असेल, तर त्या सेन्सरला जुळणारा इलेक्ट्रॉनिक मीटर किंवा जीपीएसचा मीटर घ्यावा. बोगद्यात जीपीएस थांबतो, एवढे ध्यानात ठेवावे.

शेवटी रस्त्यावर खात्री करावी. काटा ६० वर स्थिर ठेवा आणि शेजारच्याला घड्याळ धरून किलोमीटरचे दगड मोजायला सांगा. दोन दगडांमधले अंतर ६० सेकंदांत कापले, तर काटा खरा. ५१ सेकंदांत कापले, तर वेग ७० च्या वर आहे.

आणखी दोन गोष्टी आम्हाला सांगाव्याशा वाटतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या रचनेत मन मानेल तसा बदल करता येत नाही. इंजिन बदलण्यापूर्वी आर.टी.ओ.त चौकशी करावी आणि नोंद करून घ्यावी. तसेच मीटर बदलला, तर जुन्या मीटरचा आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवावा. ऑइल केव्हा बदलायचे ते त्यावरून कळते आणि उद्या गाडी विकताना समोरच्याची फसवणूक होत नाही. कर्ज काढून गाडी घेणाऱ्या आपल्या तरुणांनी इंजिनाचे काम सांगतानाच काट्याचे कामही ठरवावे आणि काटा तपासल्याशिवाय मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देऊ नये.