मस्टर मागायचे ते नाव घेऊन

रोडपालीत भाड्याने राहणारा आणि तळोजा औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे राबणारा कामगार वकिलाकडे येतो, तेव्हा त्याच्यापाशी बहुधा गेटपास, बँकेचे पासबुक आणि मोबाइलमध्ये यूएएन क्रमांक असतो. पगाराची स्लिप नसते. मग आपण दाव्यासोबत एका ओळीचा अर्ज टाकतो: ‘मालकाने सर्व संबंधित कागदपत्रे हजर करावीत.’ मालक ‘कागद उपलब्ध नाहीत’ अशी पुरसीस देतो, अर्ज निकाली निघतो आणि आपण न्यायालयावर चिडतो. चिडायचे तर त्या ‘सर्व संबंधित’ शब्दांवर चिडावे. हजेरीपट, वेतन नोंदवही, ओव्हरटाइमची नोंद, बँकेकडे दरमहा गेलेली पगाराची यादी अशा प्रत्येक कागदाचे नाव, महिना आणि वर्ष, शिवाय त्यातून कोणता मुद्दा सिद्ध करायचा आहे, हे अर्जात लिहिले नसेल तर न्यायाधीशांनी आदेश तरी कशावर करावा?

माहिती अधिकाराचा मोह आधी बाजूला ठेवू. खासगी कंपनीला तो कायदा थेट लागत नाही. कलम 2(च) नुसार सार्वजनिक प्राधिकरणाला दुसऱ्या कायद्याने खासगी संस्थेकडून मिळवता येणारी माहिती मागता येते, हे खरे. पण 2012 च्या गिरीश देशपांडे निकालानंतर व्यक्तिगत माहितीचे दार अरुंद झाले आणि नोव्हेंबर 2025 मध्ये विदा संरक्षण कायद्यातून आलेल्या दुरुस्तीने ते आणखी आवळले. स्वतःच्या नोंदी मागायला हा मार्ग अधूनमधून चालतो. त्यावर खटला उभा करू नये.

खरी ताकद समन्समध्ये आहे. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 11(3) ने कामगार न्यायालयाला दस्त हजर करवून घेण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले होते. वेतन संहितेने दावे ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्यालाही तसेच अधिकार दिले आहेत. मात्र कागद आला नाही की प्रतिकूल अनुमान आपोआप निघते, हा आपल्या व्यवसायातला लाडका गैरसमज आहे. 240 दिवस काम केल्याचा भार कामगारावर आहे, हे हदिमनी निकालाने 2002 मध्ये सांगितले. 2005 च्या येल्लट्टी निकालाने रोजंदारीवरच्या माणसाची अडचण ओळखली: त्याच्याकडे नेमणूकपत्र नसते, पावती नसते, मस्टर आणि वेतन नोंदवही मालकाकडून मागवणे एवढेच त्याच्या हाती असते. तरीही अनुमान काढायचे की नाही, हे त्या त्या प्रकरणाच्या तथ्यांवर सोडले. म्हणजे नेमका अर्ज, त्यावरचा आदेश आणि आदेशाचा भंग, तिन्ही रेकॉर्डवर हवेत. वेतन संहितेच्या कलम 59 ने पगार दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकला. पण आधी तुम्ही त्याचे कामगार होता का, हा प्रश्न उरतोच, आणि ठेकेदारीत भांडण नेमके तिथेच असते.

म्हणून पगाराची दुसरी प्रत शोधावी. ती असतेच. भविष्य निर्वाह निधीच्या मासिक विवरणात (ईसीआर) त्या महिन्याचे वेतन आणि बिनपगारी दिवस, दोन्ही दिसतात; हजेरीपट ‘हरवला’ तरी हा आकडा हरवत नाही. 21 नोव्हेंबर 2025 ला नव्या कामगार संहिता लागू होण्यापूर्वीच्या काळासाठी 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याचे कलम 21 आहे: ठेकेदार पगार वाटत असताना मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर राहून वाटलेली रक्कम प्रमाणित करायचा. तो कागद ठेकेदाराकडे मागून थांबू नका, कारखान्याकडेही मागा. आणि निधी आयुक्तांपुढे भविष्य निर्वाह निधी कायद्याच्या कलम 7अ ची चौकशी चालू असेल, तर अन्न महामंडळाचा निकाल काढून ठेवा. ठेकेदारांना बोलावून नोंदी मिळवण्याचे अधिकार आयुक्तांनी वापरलेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात बजावले आहे.

पगारपत्रक बाहेरची एजन्सी संगणकावर करत असेल, तर समन्स तिलाही काढा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 16, नियम 6 नुसार साक्ष न घेता केवळ दस्त मागवता येतो. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र मागायला विसरू नका, नाहीतर छापील पाने निशाणी लागण्यापूर्वीच अडतात.

पगाराचा पुरावा पोटगीच्या प्रकरणांतही लागतो; तिथे वाट त्यामानाने सोपी झाली आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात 2020 मध्ये दोन्ही बाजूंच्या उत्पन्नाचे शपथपत्र सक्तीचे झाले. त्यातल्या आकड्यांवर वाद असेल तर आदेश 11 खाली प्रश्नावली आणि दस्त मागता येतात.

शेवटी वेळेचा हिशेब. वेतन प्रदान कायद्याने नोंदी शेवटच्या नोंदीपासून तीन वर्षे जपायला सांगितले होते. आपल्याकडे तेवढा काळ समेट आणि तारखांतच जातो, आणि उलटतपासणीत मालक निर्धास्तपणे सांगतो की कागद नष्ट केले. नोंदी जपून ठेवण्याची लेखी नोटीस पक्षकार पहिल्यांदा भेटेल त्याच आठवड्यात पाठवा. पनवेल-तळोजा पट्ट्यातल्या वाचकांनी दस्त हजर करण्याच्या अर्जांवरचे आदेश, पक्षकारांची नावे खोडून, आमच्याकडे पाठवावेत. मंजूर झालेले पाठवाच. फेटाळलेले तर जरूर पाठवा.