फोनमधला रोगी आणि फवारणीचा हंगाम

शेतकरी बंधूंनो, तुमच्यापैकी कुणाची मुले धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, नाहीतर जळगावला २०१८ साली सुरू झालेल्या शासकीय महाविद्यालयात शिकत असतील, तर हातात मोबाईल दिसला म्हणून लगेच ओरडू नका. पोरगं कदाचित रोगी तपासत असेल! आता अशी ॲप निघाली आहेत की पडद्यावर आभासी रोगी येतो. त्याची नाडी, श्वास, रक्तदाब दिसतो. आधी काय करायचे ते विद्यार्थ्याने ठरवायचे. उशीर झाला की रोगी खालावतो. पण दगावला तरी तो फोनमधला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते.

आपल्याला याचे काय, असे म्हणाल. फवारणीचेच बघा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कपाशी आपल्याकडेही आहेच. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या औषधाची बाधा झाली की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ-घाम सुटतो, छाती घुरघुरते. ॲट्रोपिनचे इंजेक्शन दर पाच मिनिटांनी, मात्रा वाढवत, छाती मोकळी होईपर्यंत द्यावे लागते. हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि घड्याळ पळत असताना सुचणे वेगळे. पहिली चूक आपल्या माणसावर होण्यापेक्षा फोनवर झालेली बरी.

मात्र काचेवर बोट दाबून शीर सापडत नाही. सुई टोचणे, श्वासनलिकेत नळी घालणे, यासाठी हात आधी पुतळ्यावर बसावा लागतो, मग वरिष्ठांच्या नजरेखाली रोग्यावर. म्हणून तर २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात कौशल्य प्रयोगशाळा सक्तीची झाली. फोनवर भागते म्हणून कुठे पुतळे धूळ खात पडले, तर ते चालवून घेता कामा नये.

आणखी एक. फोनमधला रोगी बहुधा इंग्रजी बोलतो. आपला माणूस ‘मनं पोट दुखस’ एवढेच म्हणतो, औषध कोणते मारले ते त्याला आठवतही नाही. खान्देशातल्या महाविद्यालयांनी आपल्याच वॉर्डातले प्रसंग, नावे वगळून, अशा ॲपमध्ये घालून घ्यावेत.

तोवर फवारणीची बाटली बांधावर फेकू नका. लेबलावर औषधाचे नाव, रंगीत त्रिकोण आणि उतारा छापलेला असतो. बाधा झालेल्याचे कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा, १०८ ला फोन लावा आणि गाडीत रोग्यासोबत ती बाटलीही द्या. सरपंच, ग्रामसेवकांनी हंगामाआधीच्या ग्रामसभेत एवढे जरूर सांगावे.