“सुटल्या बिचाऱ्या” म्हणू नये : घरात ज्येष्ठ असलेल्या प्रत्येकाला जाहीर आवाहन

शोकसभा संपता संपता मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “सुटल्या बिचाऱ्या. अंथरुणाला खिळल्या नाहीत, कुणाला त्रास दिला नाही.” आजूबाजूच्या चार-सहा माना होकारार्थी हलल्या. पंधरवड्यापूर्वी वारलेल्या ७८ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेबद्दल हे बोलणं चाललं होतं. ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यकारिणीने त्याच रात्री बैठक घेऊन हे आवाहन काढायचं ठरवलं, ते या एका वाक्यामुळे. बाईंना लघवीचा संसर्ग झाला होता. तो रक्तात उतरला. घर माणसांनी भरलेलं असताना चार दिवस तो कुणाच्या लक्षात आला नाही.

मंगळवारी संध्याकाळी बाईंनी वीस वर्षांपूर्वी गेलेल्या भावाला हाक मारली. घरात ठरलं, आता विसरायला लागल्या. बुधवारी जेवल्या नाहीत, दिवसभर पडून राहिल्या, न्हाणीघराकडे जाताना तोल गेला. गुरुवारी शेजारणीने “वात झालाय” म्हणून सांगितलं आणि ओळखीतल्या कुणीतरी झोपेची गोळी आणून दिली. शुक्रवारी दुपारी हातपाय गार, श्वास भरभर, सकाळपासून लघवीचा थेंब नाही. तेव्हा कुठे रिक्षा बोलावली गेली. रविवारी सगळं आटोपलं. ताप शेवटपर्यंत आला नाही, म्हणून कुणी घाबरलंही नाही.

ताप नव्हता, हेच कारण घरोघरी ऐकू येतं. डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षं सांगत आली आहेत की वाढत्या वयात शरीराची तापाने उत्तर देण्याची ताकद कमी होते. गंभीर संसर्ग असलेल्या वृद्धांपैकी वीस ते तीस टक्क्यांना ताप येतच नाही किंवा अगदी नावापुरता येतो. जळजळ, ओटीपोटात कळ, सारखी घाई, ही तरुणपणची लक्षणंही कित्येकदा नसतात. काल बरं असलेलं माणूस आज भलतंच बोलतं, धडपडतं, अन्न नाकारतं, कपड्यात लघवी होते, एवढंच दिसतं. बरळणाऱ्याकडे निदान लक्ष तरी जातं. जे गप्प होतात, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, त्यांच्याबद्दल “आज शांत आहेत” असं समाधानाने बोललं जातं. तीच माणसं जास्त धोक्यात असतात.

स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. एका रात्रीत येत नाही. ही एक ओळ प्रत्येक घराने पाठ करावी.

बाईंच्या संसर्गाने जे वळण घेतलं, त्याला सेप्सिस म्हणतात. आता सेप्सिस म्हणजे काय, ते. जंतूंशी लढताना शरीराचा तोल सुटतो आणि तो लढाच आपल्या अवयवांना इजा करू लागतो. रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडं थंडावतात, मेंदूला पुरेसं रक्त मिळेनासं होतं. ‘लॅन्सेट’मध्ये २०२० साली आलेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख दगावले. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमागे साधारण एक. जागतिक आरोग्य परिषदेने मे २०१७ मध्ये त्यावर ठराव केला, १३ सप्टेंबर हा जागतिक सेप्सिस दिन पाळला जातो. मधुमेहाची फेरी निघते, हृदयदिनाला फुगे सोडले जातात. सेप्सिस हा शब्द मात्र आपल्या गल्लीत कुणी उच्चारलेला नाही. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढची माणसं एक कोटीच्या वर होती. आज ती त्याहून कितीतरी जास्त आहेत आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाला मूत्राशय आहे, याचा आपल्याला विसर पडला आहे.

वेळेची किंमत किती, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात मोजलेलं आहे. रक्तदाब कोसळलेल्या सेप्टिक शॉकच्या रुग्णांमध्ये योग्य अँटिबायोटिक द्यायला झालेल्या प्रत्येक तासाच्या उशिरागणिक जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत गेली. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही शॉकमध्ये पहिल्या तासाभरात औषध सुरू करा म्हणून सांगतात. बाईंच्या घरी मंगळवार संध्याकाळ ते शुक्रवार दुपार गेली. ते तास ज्याने त्याने मोजावेत.

वेळेवर नेलं तर काय होतं, त्याचंही उदाहरण सगळ्या जगाने पाहिलेलं आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन ७५ वर्षांचे होते. कॅलिफोर्नियात असताना त्यांना फार थकवा वाटू लागला, ते इस्पितळात गेले. तपासणीत मूत्रमार्गाचा संसर्ग रक्तात पसरल्याचं निघालं, शिरेतून औषधं सुरू झाली आणि सहा दिवसांत ते स्वतःच्या पायांनी चालत बाहेर पडले. सुरुवात झाली होती साध्या थकव्याने. आपल्याकडे अटलबिहारी वाजपेयींना ११ जून २०१८ रोजी ‘एम्स’मध्ये दाखल केलं, तेव्हा कारणांमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग आणि लघवीचं घटलेलं प्रमाण हे शब्द होते. ते ९३ वर्षांचे होते, मधुमेही होते. दोन महिने झुंजून १६ ऑगस्टला गेले. म्हणजे हा आजार घर पाहून येत नाही.

आणि लाज. लघवीच्या विषयावर बोलायला संघाच्या बैठकीतसुद्धा सुरुवातीला कुणी तयार नव्हतं, हे मान्य केलं पाहिजे. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांच्यावर डिसेंबर २०२३ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. १ जानेवारीला तीव्र वेदनांनी पुन्हा दाखल व्हावं लागलं, तेव्हा मूत्रमार्गाचा संसर्ग सापडला, अतिदक्षता विभागात हलवलं गेलं. ही गोष्ट त्यांनी दिवसचे दिवस खुद्द आपल्या राष्ट्राध्यक्षांनाही सांगितली नव्हती आणि पुढे जाहीर माफी मागितली. एवढ्या मोठ्या सैन्याचा कारभार पाहणारा माणूस जिथे संकोचला, तिथे आपल्या वाड्यातल्या आजी सुनेजवळ काय बोलणार? म्हणून विचारायची जबाबदारी तरुणांची. “आज लघवीला झाली का, किती वेळा, रंग कसा” हे चहा विचारावा तितक्या सहज विचारलं गेलं पाहिजे.

बायकांचं दुखणं तर वेगळंच आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजन घटतं, योनिमार्गातले रक्षक जंतू कमी होतात आणि संसर्ग वारंवार होऊ लागतो. यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने लावायचं इस्ट्रोजनचं मलम मिळतं, ते उपयोगी आहे, पण वयस्क बाईला ते सुचवायलाही लोक लाजतात. त्यात बाहेर पडायचं म्हणजे पाणी प्यायचंच नाही. तालुक्याच्या बसस्थानकावर, बाजारात, बँकेच्या पेन्शनच्या रांगेत स्वच्छतागृह एक तर कुलूपबंद किंवा आत पाय ठेवण्याजोगं नाही. मुंबईत ‘राइट टू पी’ची चळवळ २०११ पासून याच मागणीसाठी उभी आहे. आपल्या नगरपालिकेला संघाने तीन अर्ज दिले. पोच मिळाली, स्वच्छतागृहाच्या दाराला साधी कडीही बसलेली नाही.

काही आक्षेप कानावर येतात. “उन्हाळी लागली असेल, धण्याचं पाणी द्या.” जरूर द्यावं, पण भान हरपलेल्या माणसाला धणे पाजत दोन दिवस काढू नयेत. “जास्त पाणी प्यायलं की रात्री उठावं लागतं.” मग दिवसा प्यावं, संध्याकाळनंतर कमी करावं, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. “इस्पितळात नेलं की लुटतात.” ज्यांना ही भीती आहे त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालय आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड काढता येतं. संघाचे कार्यकर्ते भर पावसात दारोदार फिरून ही कार्डं काढून देत आहेत. तरी कित्येक घरांनी आधार क्रमांक द्यायलाही दार उघडलं नाही.

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे, आणि तो डॉक्टरांचाच आहे. पासष्टीनंतर कित्येकांच्या लघवीत जंतू असतात, पण आजार नसतो. लघवीची नळी (कॅथेटर) बराच काळ घातलेली असेल तर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत ते सापडतात. अशा वेळी नुसता अहवाल पाहून औषधं देणं चूक. माणूस अचानक गोंधळला तर कारण न्यूमोनिया असेल, साखर उतरली असेल, सोडियम घटलं असेल, नवी गोळी बाधली असेल. म्हणून मागणी एवढीच आहे : त्याच दिवशी तपासा. घरच्या घरी निदान आणि घरच्या घरी गोळी, दोन्ही बंद.

गोळीवरून संघाचा खरा संताप आहे. कपाटातली उरलेली अँटिबायोटिकची पट्टी, शेजाऱ्याची पट्टी, दुकानदाराने “ही घ्या, जोरदार आहे” म्हणून दिलेली पट्टी. मार्च २०१४ पासून लागू असलेल्या ‘एच-वन’ यादीतली औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते, हे किती दुकानांत पाळलं जातं? परिणाम समोर आहे : जंतू औषधांना दाद देईनासे झाले आहेत. मूत्रमार्गाचा संसर्ग बहुतेक वेळा ई. कोलाय या जंतूमुळे होतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या (आयसीएमआर) नोंदींनुसार त्याच्यावर इमिपेनेमसारखं राखीव औषध २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के नमुन्यांत चालत होतं; २०२३ मध्ये ते प्रमाण ६३ टक्क्यांच्या आसपास आलं.

तेव्हा आजपासून काय करायचं, ते असं. अचानक बदललेलं वागणं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. श्वास मिनिटाला बावीस किंवा त्याहून जास्त, वरचा रक्तदाब शंभर किंवा त्याहून खाली, भान गेलेलं, यांतल्या दोन गोष्टी जुळल्या की घरी थांबायचं नाही, १०८ ला फोन. हुडहुडी, गार किंवा डागाळलेली कातडी, दिवसभर लघवी नाही, तरीही तेच. इस्पितळात पोचल्यावर स्पष्ट विचारायचं, “हा सेप्सिस तर नाही ना?” हा प्रश्न विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. औषधाआधी लघवीचं आणि रक्ताचं कल्चर घ्यायला सांगायचं, पण माणूस खालावत असेल तर अहवालाची वाट पाहायची नाही. नळी घातलेली असेल तर रोज विचारायचं, “आज काढता येईल का?” नळीच्या प्रत्येक दिवसागणिक जंतू शिरण्याची शक्यता तीन ते सात टक्के असते. संघाच्या एका सभासदाची नळी शस्त्रक्रियेनंतर तीन आठवडे राहिली, कारण काढायची कुणाला आठवणच झाली नाही. पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर टांगावी, जमिनीला टेकू नये. डायपर ओला राहू नये, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, साखर ताब्यात ठेवावी. प्रोस्टेटवाल्यांनी तपासणी पुढे ढकलू नये.

मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असतील, तर शेजारच्या एका माणसाला किल्ली आणि औषधांची यादी देऊन ठेवावी. रोज व्हिडिओ कॉल करणाऱ्यांनी “जेवलात का” यापुढे एक प्रश्न जास्त विचारावा. तेवढंही होत नसेल, तर शोकसभेला विमानाने येण्याची घाई कशाला?

संघ दर गुरुवारी विरंगुळा केंद्रात रक्तदाब मोजतो. या गुरुवारपासून सकाळी दहा वाजता तिथेच श्वास कसा मोजायचा, नळीची पिशवी कशी धरायची, डॉक्टरांना काय सांगायचं, हे शिकवलं जाईल. प्रत्येक इमारतीतून दोन माणसं हवीत, त्यांतलं एक चाळिशीच्या आतलं. करोनात घेतलेले थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर कपाटात पडून आहेत, ते येताना सोबत आणावेत. सेल संपले असतील तर ते संघाकडे मिळतील.